किडनीचं खाणं मांजर खात नाही? पिशवी बदलण्याआधी हे बघा

"ताई, रिपोर्टात क्रिएटिनिन 3.4 आलंय, डॉक्टरांनी रीनलची पिशवी दिलीय आणि बाईसाहेब नुसतं हुंगून निघून जातात." हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही पाठ झालंय: "दुसऱ्या कंपनीचं आणू का?" (क्रिएटिनिन म्हणजे किडनी थकली की रक्तात वाढणारा कचरा, आणि रीनल म्हणजे किडनीच्या आजारात द्यायचं खास खाणं.)

आमच्या घरात तीन मांजरांना म्हातारपणी किडनीनं गाठलं. आधी चिंगी, मग गोट्या आणि आता सोनी. शिवाय सोसायटीतली आणि ओळखीपाळखीची मांजरं आहेतच. मी डॉक्टर नाही. पण बिघाड दर वेळी तोच असतो. खाणं बरोबर आणलेलं असतं, मांजर ते खात नाही, आणि माणूस पहिल्या दिवशीच दुसरी पिशवी विकत घेतो. पिशवीचा दोष निघतो, पण क्वचित. बहुतेक वेळा कारण वाटीत, तोंडात नाहीतर पोटात सापडतं.

आधी लक्षण नीट ओळखा

"खात नाही" या दोन शब्दांत निदान चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. अर्धा दिवस वाटीजवळ बसा आणि नुसतं बघा.

भूक लागल्यासारखी धावत येते, वास घेते, जिभल्या चाटते, आवंढा गिळते आणि मागे फिरते: ही मळमळ. वाटीभोवतीची फरशी पंजानं उकरून खाणं पुरल्यासारखं करणं, हेही बऱ्याचदा त्यातलंच.

दाणा तोंडात घेते, मान वाकडी करून एका बाजूनं चावते, दाणा खाली पाडते: तोंड दुखतंय.

तीन-चार दिवस आवडीनं खाल्लं आणि एकाएकी तोंड फिरवलं: घाईनं केलेला बदल, किंवा त्या खाण्याशी जोडली गेलेली एखादी वाईट आठवण.

फक्त रस्सा चाटते आणि तुकडे ठेवते: तुकडे हातानं कुस्करून, कोमट पाणी घालून लापशीसारखं करा. इथेच मिटलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

वाटी रोज रिकामी होते, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागलाय: एकतर दुसरं मांजर खातंय किंवा आणखी एखादा आजार आहे.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण इथे वेळ महत्त्वाचा असतो. मांजरानं पूर्ण 24 तास काहीच खाल्लं नसेल तर खालचे उपाय करत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. "एक दिवस उपाशी राहिली की झक मारत खाईल" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. मांजरांना उपास मानवत नाही. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं की अंगावरची चरबी यकृतात साठायला लागते, आणि लठ्ठ मांजरात हे लवकर होतं. मग किडनीच्या जोडीला यकृतही बिघडतं.

पहिली तपासणी: खरंच कमी खातेय का?

खर्च शून्य, पण स्वयंपाकघरातला वजनकाटा लागेल. चार किलोच्या म्हाताऱ्या मांजराला दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी लागतात. रीनलचे कोरडे दाणे ग्रॅममागे चारच्या आसपास किलोकॅलरी देतात, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम दाणे पुरले. आपण मात्र सवयीनं वाटी भरून ठेवतो आणि संध्याकाळी अर्धी उरलेली बघून जीव टांगणीला लावतो. मोजून घाला, उरलेलं मोजा, वहीत लिहा.

वजनही आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, जेवणाआधी. मांजराला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहणं कामाचं नाही, कारण आपल्याला 50-100 ग्रॅमचा फरक हवा असतो. लहान बाळांचा काटा सगळ्यात बरा. चार किलोची मांजर 3.8 वर आली म्हणजे पाच टक्के वजन गेलं, आणि एवढं डोळ्यांना दिसत नाही. वजन टिकून असेल तर निम्मी काळजी सोडा. तुमच्या मांजराला पुरेसं मिळतंय.

वाटी, जागा, वास

मांजर चवीपेक्षा वासानं खातं. फ्रिजमधून काढलेल्या पाऊचला वास नसतोच. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं धरा आणि खाणं अंगाच्या उबेइतकं, बोट बुडवल्यावर कोमट लागेल एवढंच करा. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच चटका बसेल असा गोळा राहतो, म्हणून केलंच तर नीट ढवळा.

खोल स्टीलच्या वाटीत मिशा दोन्हीकडून घासतात. पसरट बशी द्या. सांधे धरलेल्या मांजराला खाली वाकायला त्रास होतो, म्हणून बशीखाली एखादं जाड पुस्तक किंवा उलटा डबा ठेवा. गोट्याचं "खात नाही" हे प्रकरण चक्क एका चपातीच्या डब्यावर सुटलं होतं. त्याआधी मी तीन प्रकारचे पाऊच आणून झाले होते.

जागा बघा. शी-शूच्या ट्रेशेजारी, वॉशिंग मशीनच्या बाजूला किंवा दुसऱ्या मांजराच्या वाटेवर वाटी असेल तर हलवा. मुंग्या लागतात म्हणून आपण वाटीभोवती खडूची रेघ ओढतो. ते कीटकनाशक असतं, ते नको. मोठ्या ताटलीत पाणी ओतून मध्ये बशी ठेवली की झालं. उन्हाळ्यात ओलं खाणं अर्ध्या-पाऊण तासात उचला. आंबल्याचा वास आपल्याआधी त्यांना येतो.

आता या भागातली सगळ्यात मोठी चूक: औषध खाण्यात मिसळणं. कडू गोळीची पूड रीनल खाण्यात घातली की मांजर गोळीला नाही, खाण्याला नावं ठेवतं, आणि हा राग महिनोनमहिने जात नाही. गोळी वेगळी द्या, वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत. फॉस्फरस बांधून ठेवणारी औषधं याला अपवाद, त्यांचं पुढे सांगते.

घराबाहेर आणि फ्रिजमागे काय चाललंय?

आपली मांजर एका घरची नसते. चिंगी आमच्याकडे रीनलला नाक मुरडायची आणि दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे सुका बोंबील खाऊन यायची. काकूंचा दोष नाही. त्यांना "आजारी आहे बिचारी" एवढंच कळलं होतं, आणि आजाऱ्याला आवडीचं द्यावं हा आपला धर्मच. खाली जिन्यापाशी चिठ्ठी लावली, काकूंना नीट समजावलं, आठवड्यात ती रीनल खायला लागली.

बोंबील, सुकट, जवळा आजारी किडनीला का नकोत, तर दोन कारणं. मीठ, आणि त्याहून मोठं म्हणजे फॉस्फरस. सुकवलेल्या मासळीत काटे-डोक्यासकट सगळा फॉस्फरस एकवटलेला असतो. थकलेली किडनी तो बाहेर टाकू शकत नाही. रक्तात तो वाढला की शरीर हाडांमधलं कॅल्शियम ओढायला लागतं, किडनी आणखी खचते. रीनल खाणं खास का, या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर "त्यात फॉस्फरस कमी असतो" हेच आहे. उरलेल्या उत्तरात माफक पण चांगल्या प्रतीचं प्रोटीन, ओमेगा-3, जास्तीचं पोटॅशियम आणि रक्तातली आम्लता आवरण्याची सोय.

म्हणूनच दूध आणि चिकनची कलेजीही बंद. अंडं द्यायचंच झालं तर उकडलेला पांढरा भाग, तोही चिमूटभर: 100 ग्रॅम पांढऱ्यात जेमतेम 15 मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, पिवळ्यात 390च्या घरात.

पिशवी बरोबर आहे ना?

हसू नका. दुकानात "किडनीचं द्या" म्हटलं की "युरिनरी"ची पिशवी हातात पडलेली मी चार वेळा पाहिली आहे. युरिनरी खाणं लघवीतल्या खड्यांसाठी असतं. त्यातली बरीच लघवी आम्लधर्मी करतात आणि काहींत तहान लागावी म्हणून मीठ वाढवलेलं असतं. किडनीच्या रुग्णाला नेमकं उलटं हवं. "सिनियर" लिहिलेलं खाणंही रीनल नव्हे. त्यातला फॉस्फरस कंपनीच्या मर्जीवर असतो. आपल्याकडे मिळणाऱ्यांत रॉयल कॅनिनचं रीनल, हिल्सचं के/डी, फार्मिनाचं व्हेटलाइफ रीनल ही नावं ओळखीची आहेत. प्रत्येकाचा वास आणि पोत वेगळा, एवढं लक्षात ठेवा.

पाठीमागचे आकडे वाचताना एक फसगत होते. समजा पाऊचवर फॉस्फरस 0.25 टक्के आणि दाण्यांच्या पिशवीवर 0.5 टक्के लिहिलंय. पाऊच निम्म्यानं बरं वाटतं ना? पण पाऊचमध्ये 80 टक्के पाणी आहे, म्हणजे अन्न फक्त 20 टक्के. 0.25 ला 20 नं भागून 100 नं गुणा: 1.25 टक्के. दाण्यांत पाणी 8 टक्के, म्हणजे 0.5 ला 92 नं भागायचं: 0.54. प्रत्यक्षात पाऊच दुपटीनं वाईट निघालं. रीनल खाण्यात हा कोरडा हिशोब साधारण 0.3 ते 0.6 टक्क्यांत बसतो. घटकांच्या यादीत सोडियम फॉस्फेटसारखी नावं दिसली तर ते खाणं ठेवून द्या. मांसातल्या फॉस्फरसपेक्षा हा वरून घातलेला फॉस्फरस अंगात फार पटकन भिनतो.

बदलाचा वेग

पिशवीवर सात दिवसांत बदला असं छापलेलं असतं. म्हाताऱ्या मांजराला मी तीन ते सहा आठवडे देते. सोनीला दोन महिने लागले.

जुन्या खाण्यात नवं कालवायची पद्धत सगळे सांगतात. ती चालते, पण संशयी मांजर दोन्ही सोडून देतं. म्हणून मी दोन बश्या शेजारी ठेवते. एकीत जुनं, एकीत चमचाभर रीनल. पहिले चार दिवस त्याकडे बघितलं नाही तरी चालेल. वासाची ओळख होऊ दे. चाटायला लागली की जुनं रोज चमचाभर कमी करायचं. मोठी पिशवी आधी आणू नका. वेगवेगळ्या चवींचे एकेक पाऊच आणा, मांजराला निवडू द्या.

एक पथ्य मात्र कडक पाळा: मांजर मळमळत असताना किंवा दवाखान्यात सलाईनवर असताना रीनल खाण्याची ओळख करून द्यायची नाही. मी चिंगीच्या बाबतीत हेच केलं. पिंजऱ्यात, हाताला सुई, शेजारी भुंकणारा कुत्रा, आणि समोर नव्या खाण्याची बशी. तो वास तिच्या डोक्यात दवाखान्याशी जोडला गेला तो गेलाच. घरी आल्यावर त्या चवीच्या पाऊचचं नुसतं तोंड फाडलं तरी ती पलंगाखाली जायची. आजारी असताना आवडीचं जुनं द्या, बरी झाली की नवं.

सिरिंजनं तोंडात कोंबणं हेही याच कारणानं नको. शिवाय श्वासनलिकेत गेलं तर निमोनिया.

पाण्याबद्दल थोडक्यात: ओलं खाणं चालत असेल तर तेच निवडा. अशी किडनी पाणी धरून ठेवत नाही, आणि दाण्यांत पाणी नावालाच असतं. घरात दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवा. मांजर खूप पाणी पिते म्हणून भांडं उचलून ठेवणारी माणसं मला भेटली आहेत. कृपा करून तसं करू नका.

इथून पुढे दवाखाना

एवढं सगळं बघून आठवड्यात फरक नसेल, तर दोष खाण्यात नाही, मांजरात आहे. तपासण्यांचा क्रम मी असा धरायला सांगते, स्वस्तापासून.

तोंड उघडून बघणं. हिरड्या लाल आहेत का, दात हलतोय का, जिभेच्या कडेला चट्टे आहेत का. रक्तात युरिया (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) फार वाढला की तोंडात व्रण येतात आणि श्वासाला उग्र वास मारतो. अशा तोंडात दाणे घालणं म्हणजे जखमेवर मीठ.

पोट चाचपणं. पाणी कमी पडलेल्या मांजराची शी आत घट्ट होऊन बसते, आणि आतडं तुंबलं की भूक मरते. ट्रेमधली शी कोरड्या गोळ्यांसारखी, दोन-तीन दिवसांनी एकदा असेल तर हे आधी सांगा. माझ्या हिशोबात दर चार-पाच "खात नाही" प्रकरणांपैकी एक बद्धकोष्ठाचं निघतं आणि बिचाऱ्या पाऊचची बदनामी होते.

मळमळ. ओकारी झाली नाही म्हणजे मळमळ नाही असं नसतं. त्यावर आणि भुकेवर चांगली औषधं आहेत. मॅरोपिटंट आणि मिर्टाझापिन ही नावं कानावर पडतील. किडनी अधू असताना मात्रा आणि दोन मात्रांमधलं अंतर बदलतं, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्या. ओळखीच्याकडची उरलेली पट्टी वापरू नका.

मग रक्त-लघवी आणि रक्तदाब. नुसतं क्रिएटिनिन पुरत नाही. ते स्नायूंमधून येतं, त्यामुळे वाळलेल्या मांजराचं खोटं कमी दिसतं. फॉस्फरस आणि पोटॅशियम मागून घ्या. पोटॅशियम फार उतरलं की मांजर मान खाली पाडून बसतं आणि खात नाही. दहा वर्षांवरच्या मांजराचं थायरॉइडही एकदा बघा, खास करून भरपूर खाऊन वाळत असेल तर. डॉक्टर "स्टेज" सांगतील ती आयरिस या पद्धतीची: क्रिएटिनिन 1.6 ते 2.8 दुसरी, 2.9 ते 5 तिसरी, त्यापुढे चौथी. फॉस्फरस दुसरीत 4.6 च्या खाली, तिसरीत 5 च्या खाली, चौथीत 6 च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो.

तरीही रीनल नकोच म्हणाली तर

तर नको. हे मी गोट्याकडून शिकले. बशीत सुकत पडलेल्या रीनल खाण्याचा किडनीला काडीचा उपयोग नाही. पोटात गेलेल्या साध्या ओल्या खाण्याचा आहे. उपाशी मांजर स्वतःचे स्नायू जाळतं, आणि त्यातून निघणारा कचरा पुन्हा त्याच किडनीला उपसावा लागतो. दुसऱ्या स्टेजला हट्ट धरायला वेळ असतो, महिनोनमहिने गोडीगुलाबीनं प्रयत्न करता येतात. चौथ्या स्टेजला हट्ट सोडा.

मधला रस्ता असा: नेहमीच्या ओल्या खाण्यांतलं त्यातल्या त्यात कमी फॉस्फरसचं निवडायचं, आणि डॉक्टरांनी दिलेली फॉस्फरस बांधणारी पूड त्यात कालवायची. ही पूड खाण्यासोबतच द्यावी लागते, कारण ती पोटातल्या अन्नामधला फॉस्फरस पकडते. रिकाम्या पोटी दिली तर फुकट. आधी खाण्यात पूड न घालता दोन दिवस बघा, मग कणभर, मग पूर्ण मात्रा.

घरी शिजवायचा मोह सगळ्यांना होतो. नुसतं उकडलेलं चिकन आणि भात हे चार दिवसांचं खाणं आहे, चार महिन्यांचं नव्हे. त्यात कॅल्शियम जवळपास नसतं, फॉस्फरस असतो, आणि मांजराला अत्यावश्यक असलेलं टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य उकळताना पाण्यात उतरतं. पाणी फेकलं तर फॉस्फरस थोडा जातो पण टॉरिनही जातं. कायमचं घरचं द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून पाककृती आणि पूरक पावडरी मोजून घ्या. कांदा-लसूण कुठल्याही रूपात नको, रस्सा म्हणूनही नाही.

शेवटचा आणि सगळ्यात अवघड उपाय मानेतून घातलेल्या खाण्याच्या नळीचा. ऐकायला क्रूर वाटतं. पण ज्या मांजराचा आजार आटोक्यात येण्यासारखा आहे आणि फक्त खाणं अडलंय, त्याला नळीनं खाणं, पाणी, औषध सगळं झटापटीशिवाय मिळतं. भूल द्यावी लागते, म्हणून आधी मांजर जरा सावरलेलं हवं. हा निर्णय डॉक्टरांसोबत, आणि लवकर. अगदी हाडांचा सापळा झाल्यावर नव्हे.

घरचे प्रयोग बंद, लगेच दवाखाना

24 तास पोटात काही नाही. दिवसात दोनपेक्षा जास्त ओकाऱ्या. लघवी अचानक थांबली, किंवा बोका ट्रेमध्ये जोर करतोय आणि थेंब येत नाही. यात तास मोजायचे, दिवस नाही. मान उचलत नाही. एकाएकी दिसेनासं झालं, भिंतीला आपटते, बाहुल्या मोठ्या राहतात: हा बहुधा वाढलेला रक्तदाब. अंग गार लागतंय. आणि कुणी घरच्यांनी कळवळून पॅरासिटामॉल किंवा माणसांची दुसरी वेदनाशामक गोळी दिली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा; पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

गल्लीतल्या दवाखान्यात रक्त तपासायची सोय नसेल तर मोठ्या ठिकाणी पाठवायला सांगा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतंच. इतर शहरांत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना विचारा.

फोन करताना हे कागदावर समोर ठेवा: आजचं वजन आणि महिन्यापूर्वीचं, शेवटचं खाणं कधी आणि किती ग्रॅम, शेवटची शी कधी, ट्रेमधली लघवीची ढेकळं मोठी झालीत की लहान, सध्याची सगळी औषधं, आणि वर सांगितलेल्यांपैकी नेमकं कुठलं "खात नाही". शक्य झालं तर वाटीजवळचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्याच्या टेबलावर कुठलंच मांजर ते करून दाखवत नाही.